इंग्रजी संभाषणाची चौदा मिनिटे

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास विषयातील प्रावीण्याबरोबरच इंग्रजी भाषेच्या ज्ञानाचा पुरावाही बहुधा द्यावा लागतो. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षांमध्ये 'आयईएलटीएस' ही एक प्रमुख परीक्षा होय. १९८९ साली सुरू झालेली ही परीक्षा ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज विद्यापीठाची प्रकाशन व परीक्षा संस्था यांच्या संयुक्त मालकीची आहे. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे तिचे चार भाग असून प्रत्येक भागासाठी ० ते ९ अशी श्रेणी दिली जाते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजनांमुळे सामान्य परिस्थितीतील मुलामुलींनाही परदेशी शिक्षणाचा मार्ग खुला झाला आहे, आणि त्या मार्गावर ही किंवा अशीच एखादी परीक्षा उभी असते.

चारही भागांची सरासरी चांगली आली म्हणजे काम झाले, असा अनेकांचा समज असतो. तो पुरता खरा नाही. अनेक संस्था प्रत्येक भागासाठी स्वतंत्र किमान श्रेणी ठरवितात. ब्रिटनमधील परिचारिका नोंदणी परिषदेकडे या परीक्षेच्या आधारे नोंदणी करावयाची असल्यास लेखनात ६.५ श्रेणी चालते. संभाषणात मात्र ७ लागते. म्हणजे रुग्णसेवेचा वर्षानुवर्षांचा अनुभव पाठीशी असूनही, केवळ त्या अकरा ते चौदा मिनिटांत जीभ अडखळल्यामुळे एखाद्या परिचारिकेची नोंदणी अडून राहू शकते.

आपल्याकडील हुशार विद्यार्थी नेमका येथेच मागे पडतो. त्याचे इंग्रजी डोळ्यांनी व हाताने शिकलेले असते. वर्गात उभे राहून एका वाक्यात उत्तर द्यावे व खाली बसावे, ही त्याची सवय. त्यातच वडीलधाऱ्यांसमोर कमी बोलावे हा संस्कार. परीक्षकाच्या खोलीत हा विनय उपयोगी पडत नाही, कारण जो बोललाच नाही त्याला श्रेणी कशाच्या आधारे द्यावयाची?

परीक्षेचे स्वरूप

खोलीत परीक्षक व उमेदवार असे दोघेच असतात. काही केंद्रांवर परीक्षक दूरदृश्य यंत्रणेद्वारे बोलतो. संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते. पहिली चार-पाच मिनिटे घर, गाव, शिक्षण, छंद अशा परिचित विषयांवर प्रश्न विचारले जातात. त्यानंतर एका कार्डावर विषय देण्यात येतो. एक मिनिट विचार करून उमेदवाराने त्यावर एक ते दोन मिनिटे सलग बोलावयाचे असते. अखेरची चार-पाच मिनिटे त्याच विषयाच्या व्यापक अंगांवर चर्चा होते. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार कसोट्यांना समान महत्त्व असते. उमेदवाराचे मत परीक्षकास पटले की नाही, याला गुण नाहीत.

सर्वांत कठीण वाटतो तो कार्डाचा भाग. समजा, 'तुमच्या गावात लोक जेथे एकत्र जमतात अशा जागेविषयी सांगा' असा विषय आला. ती जागा कोठे आहे, तेथे कोण येतात, काय करतात आणि ती का आवडते, असे मुद्दे कार्डावरच दिलेले असतात. मिळालेल्या मिनिटात पूर्ण वाक्ये लिहू पाहणारा उमेदवार फसतो. 'वड, आजोबा, बाजाराचा दिवस, पावसाळा' असे चार-पाच शब्द कागदावर टिपले तरी दोन मिनिटांची सामग्री जमते. 'पार' या शब्दाला इंग्रजी शब्द कोणता, यावर अडून बसण्याचेही कारण नाही. झाडाभोवती बांधलेला दगडी ओटा, असे साध्या इंग्रजीत सांगता येते. नेमका शब्द न आठवल्यास वळसा घेऊन अर्थ पोहोचविणे हे परीक्षक कौशल्यच मानतात. दोन मिनिटे होताच परीक्षक मध्येच थांबवितो. ते वेळेचे बंधन आहे, नाराजी नव्हे.

अनेक ठिकाणी छापील उत्तरे पाठ करून घेतली जातात. हा मार्ग घातक आहे. पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकास मिळालेले असते. शिवाय पाठांतराचा धागा एकदा तुटला की उमेदवाराला पुढचे वाक्य सापडत नाही.

मराठी भाषकांच्या अडचणी

इंग्रज माणसासारखा हेल काढण्याची गरज नाही. बोलणे ऐकणाऱ्यास विनासायास समजावे, एवढीच अपेक्षा असते. तथापि काही सवयींकडे लक्ष द्यावे लागते. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' हे शब्द आपण वेगळे लिहितो, पण उच्चारताना दोहोंत आपला मधला 'व'च येतो. पहिल्यासाठी ओठांचा चंबू करावा, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत. 'शिप' व 'शीप' यांतील फरक बोलताना सैल सोडता येत नाही. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर जोर पडतो व तो स्थान बदलतो: 'फोटोग्राफ'मध्ये तो आरंभी असतो, तर 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या अवयवावर. व्याकरणात 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही चूक फार आढळते. तेथे 'आय हॅव' एवढेच पुरे.

सरावासाठी महागड्या वर्गाची आवश्यकता आहेच असे नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात दोघा-तिघांनी आठवड्यातून तीनदा बसावे. एकाने कार्ड काढावे, दुसऱ्याने घड्याळ धरावे, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून ते लगेच ऐकावे. स्वतःचा आवाज प्रथम ऐकताना संकोच वाटतो, पण कोठे रेंगाळलो, कोणता शब्द दहादा आला, हे त्यातूनच कळते. शिक्षकाने सुरुवातीच्या दिवसांत चुका दुरुस्त करण्याचा मोह आवरावा आणि मुलाला बोलू द्यावे. प्रत्येक उत्तराला 'का?' हा प्रश्न जोडला, की एका वाक्याचे उत्तर आपोआप तीन वाक्यांचे होते. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची सभ्य विनंती कशी करावी, हेही आधीच शिकवून ठेवावे. गप्प राहण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

संभाषणाची परीक्षा लेखी परीक्षेच्या दिवशीच असेल असे नाही, म्हणून दिनांक व वेळ नीट पाहून घ्यावी. मूळ पारपत्र सोबत असावे. दूरच्या तालुक्यातून मुंबई-पुण्याच्या केंद्रावर जाणाऱ्याने शक्य तर आदल्या दिवशीच पोहोचावे. रात्रभर एसटीने प्रवास करून आलेल्याचा आवाज सकाळच्या पहिल्या प्रश्नालाच बसलेला असण्याचा संभव असतो.