पहारेकऱ्याचें काम

शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:१–६, नहेम्या ४:७–१८, योहान १०:११–१३.

गांवाची राखण करणारा मनुष्य स्वतः चोरी करीत नाहीं. परंतु चोर येतांना पाहून तो उगाच बसून राहिला, तर त्यास निर्दोष कोण म्हणेल? यहेज्केलाच्या पाठाचा अर्थ हाच आहे. तरवार येतांना पाहूनहि जो शिंग वाजवीत नाहीं, त्याजपाशीं देव मेलेल्यांचा जाब मागतो. पाहणें हें अर्धेंच काम आहे.

नहेम्याचे लोक यरुशलेमेचा तट बांधीत असतां शत्रूंनीं मसलत केली. तेव्हां त्यांनीं प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराहि ठेविला. प्रार्थना केली म्हणून पहारा सोडिला नाहीं.

असें उदाहरण आपल्या देशांतहि आहे. सन १८९६–९७ मध्यें मध्य प्रांतांत मोठा दुष्काळ पडला. त्या वेळीं पंडिता रमाबाई पुण्यास शारदा सदन चालवीत होत्या. तरुणपणीं अशाच दुष्काळांत त्यांचे आईबाप व वडील बहीण हीं मरण पावलीं होतीं. म्हणून उपाशी मुलीची दशा त्यांस ठाऊक होती. त्या स्वतः मध्य प्रांतांत गेल्या. तेथें त्यांस दिसलें कीं, भूक हा एकच शत्रु नव्हे. निराधार विधवा व मुली यांस फसवून नेणारे दुष्ट लोक टपून बसले होते. रमाबाईंनीं सुमारें ३०० स्त्रिया व मुली आपल्या आश्रयास आणिल्या. पुण्यांत प्लेग असल्यामुळें त्यांस केडगांवच्या शेतावर नेलें. तेथेंच मुक्ति सदन उभें राहिलें. पुढें त्यांस विद्या व हातांस उद्योगहि दिला, कारण जिला पोट भरतां येतें तिला फसविणें कठीण.

त्याच १८९७ सालीं, पुण्यांतील प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची नीट राखण होत नाहीं, असें त्यांनीं वर्तमानपत्रांत उघड लिहिलें. सरकारचा रोष होईल म्हणून लेखणी आंवरली नाहीं.

योहानाच्या पाठांतील मोलकऱ्यास लांडगा दिसत नाहीं असें नाहीं. तो पाहतो आणि पळतो, कारण मेंढरें त्याचीं नव्हत. रमाबाईंनीं परक्या मुली आपल्या मानिल्या, म्हणून त्या पळाल्या नाहींत.

आतां आपल्या मंडळीकडे वळूं. शहरांत काम देतों, किंवा हुंड्यावांचून लग्न लावितों, असें सांगून कोणी परका मनुष्य गरीब घरच्या मुलीस नेऊं लागला, तर उपदेशकानें त्याचें नांव, गांव व कामाचें ठिकाण विचारावें आणि त्याची खात्री करून घ्यावी. शब्बाथशाळेंत नित्य येणारें मूल दिसेनासें झालें, तर त्याच्या घरीं जावें. मूल संकटांत आहे असें दिसल्यास पोलिसांस कळवावें, अथवा मुलांच्या मदतीसाठीं असलेल्या १०९८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. मात्र पाठीमागें कुजबुज करणें हा पहारा नव्हे; ती चहाडी होय.

आणि अपराधी आपल्याच मंडळींतील मानाचा मनुष्य असला तर? धैर्याची खरी परीक्षा तेथेंच आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून जो गप्प बसतो, तो अब्रू राखीत नाहीं. तो लांडग्यास वाट देतो.

विचारासाठीं प्रश्न :
१. आपल्या गांवांत आज सर्वांत निराधार कोण आहे?
२. त्याजवर संकट आलें, तर तें प्रथम कोणास दिसेल?
३. दिसल्यावर बोलण्यास आपणांस कोणती भीति अडविते? ती प्रभूपुढें ठेवा, आणि मग उठून जा.