तांबड्या मातींतील विद्या

भाईंदर व मीरा रोड येथील कित्येक मिठागरांच्या व भातशेतांच्या जागीं आतां उंच इमारती उठल्या आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस थाई मुष्टियुद्धाची गोडी लागली आहे. "हें शिकावें कीं नाहीं?" असें ते आम्हांस विचारतात, त्यांचे पालकही विचारतात. उत्तर देण्यापूर्वीं आपल्याच प्रांतांतील मल्लविद्येकडे वळणें बरें, कारण दोन्ही विद्यांच्या रीती पुष्कळ मिळत्या आहेत.

'तालीम' ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. आपण तो कुस्तीच्या जागेस लावला, हें आम्हांस अन्वर्थक वाटतें. तालमींत मधोमध हौद असतो. त्यांतील तांबडी माती चाळून तींत तेल, ताक, हळद व लिंबाचा रस मिसळतात, म्हणजे ती मऊ राहते व खरचटलेलें चिघळत नाहीं. हौद खणून माती खालींवर करणें हाच नवशिक्याचा पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, दोर चढणें, मल्लखांब, आणि शेवटीं वस्तादांच्या नजरेखालीं लढत. उतरतांना प्रत्येकजण माती कपाळास लावतो. वर्षानुवर्षें घासून पहिलवानाचे कान सुजतात व गांठीसारखे होतात. तो त्यांस भूषण मानतो, आम्ही मात्र ह्या बाबतींत मुलांच्या आयांचा पक्ष घेतों.

डाव म्हणजे नुसती ताकद नव्हे. धोबीपछाड घ्या. प्रतिपक्ष्याचा हात खांद्यावरून पकडून मल्ल झटकन वळतो, आपली कंबर त्याच्या पोटाखालीं घालतो आणि वांकून त्यास पुढें आपटतो. येथें कंबर हा तरफेचा टेकू झाला. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकविलेलें तेंच हें. टेकू उंच राहिला तर डाव फसतो. एकेरी पट, ढाक, कलाजंग, घिस्सा ह्या प्रत्येक डावास तोड आहे, म्हणून हात चालण्याआधीं डोकें चालावें लागतें. दोन्ही खांदे मातीस लागले कीं चितपट, व कुस्ती संपली.

थाई मल्ल मुठी, कोपर, गुडघे व नडगी अशा आठ अंगांनीं लढतो. लढतीपूर्वीं तो डोक्यास 'मोंगकोन' नांवाचें कडें घालून 'वाय ख्रू' हें गुरुवंदन नृत्यरूपानें करतो. आपल्या मैदानांत हलगी कडाडते, तेथें सनईसारखें वाद्य, ढोल व झांजा वाजतात. तीन तीन मिनिटांच्या पांच फेऱ्या होतात. परंतु एक भेद मोठा आहे : तेथें डोक्यावर आघात करणें नियमास धरून आहे. नोव्हेंबर 2018 मध्यें बँकॉकजवळ अशा लढतींत तेरा वर्षांचा एक मुलगा मेंदूंत रक्तस्राव होऊन वारला. तो आठव्या वर्षापासून लढत असे. कुस्तींतही मान दुखावते, हें खरें. तथापि तेथें डोकें हें लक्ष्य नसतें. म्हणून आमचें उत्तर असें : लाथ, पवित्रा व दम ह्यांचा अभ्यास मुलांनीं खुशाल करावा, डोक्यावर मार घेण्याच्या लढती शाळकरी वयांत नकोत, आणि शिक्षक तसा आग्रह धरील तर तो वर्ग पालकांनीं सोडवावा.

आतां एका विद्यार्थ्याची हकीकत. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकत. शाहू महाराजांनीं रोमचें जुनें क्रीडागार पाहून बांधविलेलें व 1912 सालीं पुरें झालेलें खासबाग मैदान त्याच शहरांत आहे. 1948 सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें खाशाबांस सहावा क्रमांक मिळाला. मातीवर वाढलेल्या मल्लास गादीवरची कुस्ती परकी होती. तेथें चितपटीखेरीज गुणांवरही निकाल लागतो. चार वर्षें त्यांनीं नेटानें मेहनत केली. 1952 सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हां त्यांचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर ह्यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं 57 किलो वजनगटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. गांवीं बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. ती संपल्यावर खाशाबांनीं कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, आणि त्यांच्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें घर सोडविलें.