धुराडें दुरुस्त करावें कीं नवें बांधावें?

तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यांतील क्षार पावसाबरोबर विटेंत शिरतो. ओल सुकतांच त्याचे स्फटिक बनून विटेचे पापुद्रे सुटतात. म्हणून पालघर-बोईसरकडील घरधन्यानें विटांचें धुराडें मृगापूर्वीं तपासावें.

विटा घट्ट, पण दर्जा मोकळ्या असल्या, तर त्या इंचभर कोरून, पाणी शिंपून चुन्यानें भराव्या. नुसतें सिमेंट मऊ विटेहून कठीण. तें ओल कोंडून वीटच फोडतें. वीट नखानें उकरली जात असेल, किंवा धुराडें कललें असेल, तर घट्ट थरापर्यंत उतरवून नवें बांधावें. माथ्यास उतार द्यावा.

चूल पेटविण्यापूर्वीं नळी मोकळी करावी. कोंडलेल्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. तो निजलेल्या लेकरांस जागें होऊं देत नाहीं.