प्रवेशाआधी एक वही

निकाल लागला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांच्या पिशवीत दोन गोष्टी हमखास असतात. गुणपत्रिकेच्या झेरॉक्स आणि कॉलेजांची माहितीपत्रकं. फीचे आकडे तोंडपाठ असतात, मागच्या वर्षीचा कटऑफही. पण ‘जो विषय घ्यायचाय, तो कधी तासभर तरी शिकून पाहिलास का?’ असं मुलाला विचारलं, की तो आईकडे बघतो आणि आई बाबांकडे. साधा आंबा घेताना आपण वास घेऊन बघतो. इथे तर तीन-चार वर्षं आणि घरची साठवलेली पुंजी पणाला लागलेली असते.

पूर्वी याला इलाज नव्हता. कॉलेजात पाऊल टाकल्याशिवाय तिथलं शिकवणं कानावर पडायचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपलं वर्गातलं साहित्य जगासाठी फुकट खुलं करायचं जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल हा व्हिडिओ अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. आज अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, व्यवस्थापन, अगदी भाषासुद्धा घरबसल्या शिकता येतात. मुलांना हे ऐकून माहीत असतं. त्याचा उपयोग प्रवेश घेण्याआधी करायचा, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं, आणि माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

बारावी झालेली एक मुलगी आठवते. सायकॉलॉजीच घ्यायची, असं ठरवूनच आली होती. का, तर ‘सर, मैत्रिणी सगळे प्रॉब्लेम मलाच सांगतात.’ आई काकुळतीला आलेली. ‘हिला समजवा हो, यात पुढे नोकरी कुठेय?’ मी कोणालाच समजावलं नाही. पॉल ब्लूम यांनी येल विद्यापीठात दिलेली, मानसशास्त्राची ओळख करून देणारी २० व्याख्यानं फुकट बघता येतात. २००७ साली चालू वर्गातच ती चित्रित झाली आहेत. तिला म्हटलं, पहिली सहा बघ, पण वही घेऊन बस. मग ये.

पंधरा दिवसांनी ती आली. दोनशे पानी साधी वही, पण मी ती पानन् पान चाळली. जिथे जिथे व्हिडिओ थांबवला, तिथली मिनिटं समासात लिहिलेली. दुसऱ्याच व्याख्यानात मेंदू सुरू होतो. तिथे चेतापेशीची आकृती दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेली. फ्रॉइडच्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत, ‘पण हे सिद्ध कसं करायचं?’ मैत्रिणींचे प्रॉब्लेम या वहीत कुठेच नव्हते. आणि सहा सांगितली होती, तिने नऊ बघितली होती. आई हळूच म्हणाली, ‘बारावीच्या वर्षातसुद्धा हिला रात्री अकराला न सांगता लिहीत बसलेली पाहिली नव्हती.’ पुढे काय काय शिकावं लागेल, संख्याशास्त्र कसं चुकणार नाही, हे आम्ही त्यानंतर बोललो. ते बोलणं आता खऱ्या विषयाबद्दल होतं.

उलटंही घडतं. कॉम्प्युटरच हवा म्हणणाऱ्या एका मुलाला हार्वर्डचा सीएस५० हा फुकट अभ्यासक्रम दिला. सुरुवातीला स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडताना तो रमला. पुढच्याच आठवड्यात सी भाषा आली आणि एक राहिलेला अर्धविराम शोधण्यात त्याची संध्याकाळ गेली. असल्या संध्याकाळी ज्याला आवडतात, त्याने या वाटेला जावं. त्याला ती नकोशी झाली. वडिलांना वाटलं, पोरगं हरलं. मला तसं मुळीच वाटत नाही. दुसऱ्या वर्षाला केटी घेऊन जे कळलं असतं, ते पैसा न घालवता पंधरवड्यात कळलं.

इंग्रजीची धास्ती खरी आहे. सबटायटल लावा, वेग कमी करा, तेच वाक्य चारदा ऐका. वर्गात सरांना चारदा विचारायला जीव कचरतो, इथे कोणी रागवत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्स, पायथन, लिबर ऑफिस वगैरे चक्क मराठीतून ऐकायला मिळतं. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं काम, अशी त्यांची पद्धत आहे. व्याख्यानं मोबाइलवर बघता येतील, पण प्रोग्रामिंगला कीबोर्ड लागतोच. घरी नसेल तर शाळेच्या लॅबसाठी मुख्याध्यापकांना भेटा, सुट्टीत ती बंदच असते.

प्रमाणपत्राचं वेड मात्र आवरा. अनेक ठिकाणी शिकणं फुकट आणि प्रमाणपत्राला पैसे, अशी व्यवस्था असते. एनपीटीईएलमध्ये परीक्षेला बसायचं तरच फी भरायची. तिथे दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. कॉलेजात गेल्यावर याचा वेगळा फायदा आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करून त्यांचे क्रेडिट घेता येतात. तुमचं कॉलेज ते देतं का, हे आधी ऑफिसात विचारा.

आणि हेही स्पष्ट सांगतो. नर्सिंग, फार्मसी, वकिली अशा क्षेत्रांत मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणीशिवाय काम करता येत नाही. तिथे हे व्हिडिओ विषयाची चव दाखवतील, पदवीची जागा घेणार नाहीत.

परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंतचे दिवस तुमच्या हातात आहेत. एकच विषय, रोज सकाळी एक तास. आईबाबांनी रात्री ‘किती व्हिडिओ झाले?’ असं विचारू नये. ‘आज कुठे अडलं?’ असं विचारावं आणि मूल सांगेल ते ऐकून घ्यावं, कळलं नाही तरी. आणि मला भेटायला येताना पिशवीत गुणपत्रिकेबरोबर ती वहीसुद्धा टाका.