लॅन कार्ड परत करण्याआधी

चि. सायली,

महाराष्ट्र नगरातल्या क्लासचे संगणक आता तू सांभाळतेस, हे ऐकून बरं वाटलं. पण नवं लॅन कार्ड सारखं नेट सोडतंय आणि तू त्यापायी रात्री जागतेस, असं दादा म्हणाला. दुरुस्त करू की परत करू, हे ठरवायची घाई नको. आधी दोष कुठे आहे ते शोध, आणि तेही परतीची वाट मोकळी ठेवून.

सुरुवात केबलपासून कर. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. जॅकमध्ये एखादी तार नीट क्रिंप झाली नसेल तर वेग १०० वर अडकतो किंवा लिंक येते-जाते, आणि बदनाम होतं कार्ड. शेजारच्या चालू संगणकाची केबल इथे लाव, स्विचचा पोर्ट बदल. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळाला नाही, एवढंच कळतं. कार्ड गेलं असं ठरत नाही. उलट १२७.०.०.१ कडून पिंगला उत्तर आलं म्हणून कार्ड ठणठणीत समजू नकोस. ते पिंग कार्डापर्यंत जातच नाही.

मग वीज बंद कर, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालव आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसव. तुमच्याकडे खाडीची दमट हवा; जुन्या मशीनच्या स्लॉटमधले संपर्क काळवंडलेले असू शकतात. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघ. तिथे नेट टिकलं तर संशय विंडोजच्या ड्रायव्हरवर किंवा वीज वाचवण्याच्या सेटिंगवर. शेवटी तेच कार्ड चांगल्या चालणाऱ्या संगणकात घाल. खोड तिथेही दिसली तर निकाल लागला. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत टिपत जा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

एवढं झालं की थांब. काही दोष वापरणाऱ्याच्या हातात नसतातच. इंटेलच्या आय-२२५ या अडीच गिगाबिटच्या चिपचंच बघ. तिच्या पहिल्या आवृत्तीत डेटाच्या दोन पॅकेटांमधल्या अंतराचा घोळ होता, काही स्विचशी तिचं जमेना. २०२० साली हे उघड झालं. वेग १ गिगाबिटवर आणणं हा तात्पुरता तोडगा होता. खरा इलाज चिपची नवी आवृत्ती. अशा ठिकाणी रात्रभर ड्रायव्हर बदलून काय हाती लागणार?

कार्डच खराब ठरलं तर बिनधास्त परत कर. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नकोस. बिलावर मुदत असेल तर तेवढ्यात, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. दुकानदार ऐकेनाच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र कार्डाला सोल्डरिंग लावलंस किंवा वॉरंटीचा स्टिकर खरवडलास तर तुझीच बाजू लंगडी पडेल.

दुकानात ‘चालत नाही’ एवढंच सांगू नकोस. वही पुढे ठेव. दोन संगणक, दोन केबली, दोन सिस्टिम, खोड तीच, म्हटलं की वाद आटोपतो. आणि तपासणी न करता गेलीस तर कुर्ला, दादर करत ग्रँट रोडच्या दुकानात जाण्यात अर्धा दिवस जाईल, आणि दोष केबलमध्ये असला तर बदलून आणलेलं कार्डही तसंच वागेल.

तुझी शिकायची हौस मला मोडायची नाही. त्यासाठी वॉरंटी संपलेलं एखादं जुनं कार्ड घे आणि त्यावर हव्या तितक्या रात्री जाग. क्लासचं कार्ड मात्र मुदतीत बदलून आण.

तुझी,
आत्या