स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : पूर्वतयारी, पथ्य आणि सोबत

“मॅडम, तुम्ही एवढ्या बारीक कशा झालात?” हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत मला प्राध्यापक-कक्षात, प्रयोगशाळेत आणि लग्नाच्या मांडवातही विचारला गेला. “रोज चालते,” एवढेच उत्तर मी देत आले. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. माझ्या जठरावर शस्त्रक्रिया झालेली आहे, हा उरलेला अर्धा भाग मी लपवला. माझे उत्तर ऐकून आमच्याच वर्गातील दोन विद्यार्थिनी पहाटे चालू लागल्या, आणि वजन उतरत नाही म्हणून स्वतःलाच आळशी ठरवू लागल्या. हे कानी आल्यावर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईने गप्प बसणे योग्य वाटेना. ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, तिच्या आधी आणि नंतर काय करावे लागते, आणि त्यात त्याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत का लागते, एवढेच प्रस्तुत लेखात सांगायचे आहे.

निंदा आणि मोजमाप

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा एक अध्याय आहे. निंदित मानल्या गेलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल आणि अतिकृश यांची गणना करून चरकाने त्या दोहोंची कारणे व उपचार सांगितले आहेत. आपण मात्र उपचार विसरलो आणि निंदा तेवढी लक्षात ठेवली! लठ्ठ माणूस दिसला की तो खादाड व आळशी असणार, असे आपण न विचारताच ठरवून टाकतो.

आधुनिक वैद्यक स्थूलतेला दीर्घकालीन आजार मानते. खाणे कमी करून वजन उतरवले की शरीर ते परत मिळवू पाहते. भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च घटतो. म्हणून पुष्कळांचे उतरलेले वजन काही वर्षांत पुन्हा चढते. यात निश्चयाचा भाग असतो, परंतु सारा दोष निश्चयाच्या माथी मारता येत नाही.

मोजमापासाठी ‘बॉडी मास इंडेक्स’ वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन शास्त्रज्ञ केटले यांची; आजचे नाव १९७२ साली अन्सेल कीझ यांनी रूढ केले. उदाहरणार्थ, उंची १.६० मीटर व वजन ९६ किलो असेल, तर उंचीचा वर्ग २.५६ आणि अंक येतो ३७.५. भारतीयांमध्ये कमी वजनावरही मधुमेह व हृदयविकार जडतात. म्हणून २००९ साली आपल्याकडील तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेच्या विचारासाठी ३७.५ ही मर्यादा सुचवली, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे विकार सोबत असल्यास ३२.५. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणल्या. आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ च्या पुढे हा पर्याय पुढे ठेवावा असे त्यांचे मत आहे. अर्थात अंक हे केवळ दार आहे. आत जायचे की नाही, हे तपासणीनंतर वैद्य आणि रुग्ण यांनी मिळून ठरवायचे असते.

शस्त्रक्रियेचा थोडा इतिहास

१९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया मांडली. वजन उतरे, परंतु पुढे कुपोषण आणि यकृताचे गंभीर विकार होत. म्हणून ती पद्धत कालांतराने सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी वेगळे निरीक्षण केले. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांना दिसले. त्यावरून मेसन आणि इटो यांनी १९६७ साली ‘गॅस्ट्रिक बायपास’ प्रसिद्ध केली. आज तिच्या सुधारित रूपात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. १९९० च्या दशकात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली आणि रुग्णाचा त्रास पुष्कळ कमी झाला.

दुसरा प्रकार ‘स्लीव्ह’, म्हणजे बाही. यात जठराचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात व सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. माझ्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. जागा कमी होते म्हणून माणूस कमी जेवतो, हे तर खरेच. परंतु ‘घ्रेलिन’ नावाचे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. जपानी शास्त्रज्ञ कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ साली त्याचा शोध लावला. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो आणि भुकेची हाकही मंदावते.

परिणाम किती? स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच लोकांचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनाच्या सुमारे पाव हिश्शाने कमी होते. म्हणजे वरील उदाहरणातील ९६ किलोची व्यक्ती साधारण ७२ किलोवर येईल. ५२ वर नव्हे. ही अपेक्षा आधीच नीट समजून घेतली तर पुढची निराशा टळते.

पूर्वतयारी

रक्तातील साखर, थायरॉइड, हृदय, फुप्फुसे, सोनोग्राफी, दुर्बिणीतून जठराची तपासणी, झोपेत श्वास अडतो का याची चौकशी, आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे, एवढे आधी होते. शेवटच्या गोष्टीला पुष्कळजण बिचकतात. पण तेथे कोणी वेडे ठरवत नाही. दुःख झाले की आपण खातो का, कंटाळा आला की खातो का, हे तेथे प्रथम स्वच्छ दिसते.

तंबाखू, सिगारेट आणि आपल्याकडील बायकांची मिशेरी आठवडेच्या आठवडे आधी बंद करावी लागते, कारण तंबाखूने जखम नीट भरत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आहार देतात. यामागचे कारण विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. यकृताचा डावा भाग जठरावर येतो. या आहाराने यकृतातील मेद व साठवलेली साखर घटून ते आकसते आणि शल्यविशारदाला जठर नीट दिसते.

खरी तयारी मात्र स्वयंपाकघरात होते. घरात जो रांधतो आणि जो वाढतो, त्या दोघांना सोबत घेऊन आहारतज्ज्ञांकडे जावे. घास बारीक चावणे, जेवताना पाणी न पिणे, लहान ताटलीत जेवणे, यांचा सराव महिनाभर आधी सुरू करावा. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. शस्त्रक्रिया झालेल्या दोन माणसांना भेटावे. एकाला दोन-तीन महिने झालेले असावेत आणि दुसऱ्याला पाच वर्षे. पहिला वेदना आणि भीती सांगतो, दुसरा वाट सांगतो.

नंतरचे पथ्य

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच चालवतात, कारण पडून राहिल्यास पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. आहार पायरीपायरीने वाढतो. प्रथम पाणी, निवळ ताक, डाळीचे पाणी; मग दूध, मुगाचे कढण; तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेली डाळ, मऊ पनीर, कुस्करलेले अंडे; आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी चावण्याचे अन्न. प्रत्येकाची पायरी त्याचे वैद्य ठरवतात.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि वाटीभर शिजलेल्या डाळीत साधारण तेवढीच. हिशेब केला की लक्षात येते, भात आणि पोळीने पोट भरून चालणार नाही. आपल्या ताटाचा क्रम येथे उलटतो : आधी उसळ, डाळ, अंडे किंवा मासळी, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट, दिवसभरात दीड-दोन लिटर. गोडाचा मोह कठीणच. बायपास झालेल्याने बेळगावचा कुंदा मनसोक्त खाल्ला, तर साखर झटकन लहान आतड्यात उतरून छातीत धडधड, घाम, चक्कर आणि पोटात कळ असा प्रकार होऊ शकतो.

ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते आणि ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. शाकाहारी माणसात ब-१२ मुळातच कमी असते, त्याने तर अधिक जपावे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुधा ते परत येतात. मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा झपाट्याने बदलते, ती मनाने बदलू नये. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मद्य लवकर चढते व त्याचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी.

काही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे : वाढत जाणारी पोटदुखी, ताप, नाडीचा फार जलद वेग, धाप, पायाला सूज, काळे शौच, न थांबणारी उलटी. उलट्या चालू राहिल्यास ब-१ जीवनसत्त्व संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. “होईल बरे” म्हणून थांबू नये.

सोबत

आमच्या भागातील शस्त्रक्रिया झालेले आठ-दहा जण महिन्यातून एकदा एका खोलीत बसतो. निम्मे मराठी, निम्मे कानडी. आपल्या दोन्ही भाषांत माणसाची विचारपूस जेवणापासून सुरू होते : “जेवण झाले का?”, “ऊट आतेन्री?” आमच्या खोलीत मात्र पहिला प्रश्न असतो, “आज पाणी किती झाले?”

तिसऱ्या आठवड्यात वाटीभर कढण संपवायला मला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागे. काहीतरी बिघडले असे वाटून मी रडले होते. वैद्यांनी “हे अपेक्षित आहे” असे सांगितले. तेच एका बाईंनी “मलाही पस्तीस मिनिटे लागत, मी घड्याळ लावून बसे” असे सांगितले, तेव्हा मला झोप लागली. माहिती दोघांचीही एकच होती. पण दुसरी अनुभवातून आलेली होती.

आपला आग्रह ही फार मोठी अडचण. “आमचा एक लाडू मोडत नाही?” यावर काय बोलावे? गोकाककडच्या एका निवृत्त कंडक्टरांनी युक्ती सांगितली : “पंगतीत बसू नका, वाढायला घ्या. वाढप्याला कोणी आग्रह करत नाही.” ही युक्ती कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात मिळणार नाही.

अशा सोबतीची कल्पना जुनी आहे. दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनातून बाहेर पडलेले लोकच नव्यांचा हात धरतात. बैठकींना नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते, असे शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण विद्यार्थ्यांनी येथे सावध राहावे. बैठकीमुळे वजन उतरते, की मुळात नेटाने पथ्य पाळणारेच बैठकीला येतात? दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

मला स्वतःला उत्तर दुसऱ्या वर्षी मिळाले. भूक थोडी परतली, संध्याकाळचे फरसाण परतले, आणि चार किलो वजन वाढले. मी लाजेने बैठकीला जाणे सोडले. तिसऱ्या महिन्यात कंडक्टरसाहेबांचा फोन आला, “मॅडम, वजन उतरल्यावर कोणीही येतो. वाढल्यावरच यायचे असते.” मी गेले. कोणी हसले नाही. चारपैकी तीन किलो पुढे उतरले, एक अजून आहे.

या सोबतीलाही मर्यादा आहेत. आमच्याकडे तीन नियम आहेत : कोणी कोणाला औषध सांगायचे नाही, एकाच्या वजनाची दुसऱ्याच्या वजनाशी तुलना करायची नाही, खोलीतले बोलणे बाहेर न्यायचे नाही. शारीरिक तक्रार आली की वैद्यांकडे, आणि मन फार खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे. मित्राने सोबत जावे, मित्राने वैद्य होऊ नये.

शेवटी विद्यार्थी मित्रांना दोन शब्द

प्रत्येक लठ्ठ माणसाला शस्त्रक्रिया लागत नाही, आणि ज्याला लागते त्याने ती करून पळवाट काढली असेही नाही. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते, पथ्य जन्माचे. वर्गातील एखाद्या जाड मुलीला नाव ठेवण्यापूर्वी हे आठवावे. कोणी ताटावर हात धरून “पुरे” म्हटले, तर एकदाच ऐकून थांबावे. आणि ज्या दोन विद्यार्थिनींनी माझे अर्धे उत्तर खरे मानले, त्यांनी हा उरलेला अर्धा भाग वाचल्यावर प्रयोगशाळेत येऊन मला जरूर भेटावे. चालणे मात्र सोडू नये. मीही सोडलेले नाही.