रिसीव्हर खाली ठेवल्याचे यंत्राला कसे कळते?

सोमवारी सकाळी एखाद्या रक्तपेढीतील लिपिक दूरध्वनीवर नोंदले गेलेले निरोप ऐकावयास बसला आहे, अशी कल्पना करा. शनिवार दुपारपासून तीस निरोप साचले आहेत. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात एकसुरी गुणगुण. तिसऱ्यात टूं-टूं असा तुटक नाद, तोही पुरती दोन मिनिटे. दहाव्या-बाराव्या निरोपाशी त्याचा धीर सुटतो व उरलेले निरोप तो एकदम पुसून टाकतो. त्यांतील सव्विसावा निरोप खऱ्या माणसाचा होता. ही एक हानी झाली. दुसरी त्याला दिसतही नाही : प्रत्येक रिकाम्या निरोपाने एक लाइन अडवून धरली होती, आणि त्या वेळात ज्यांनी फोन केला त्यांना एंगेज टोनवाचून काही ऐकू आले नाही.

दोष कोठे असावा? एका पक्षाने रिसीव्हर ठेवला की संभाषण आपोआप संपते, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. तांब्याच्या दोन तारांवर दूरध्वनिकेंद्राकडून सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते व २० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहू लागतो. रिसीव्हर ठेवला की तो थांबतो. परंतु हा बदल घडतो तो त्या ग्राहकाच्या आणि त्याच्या केंद्राच्या दरम्यान. पलीकडच्या ग्राहकाच्या तारांना त्याचा गंधही नसतो. त्यांना ही वार्ता कळावयाची, तर ती केंद्रानेच कळविली पाहिजे.

हाताने चालणाऱ्या जुन्या केंद्रांत हे काम ऑपरेटर करीत असे. ग्राहकाने रिसीव्हर ठेवला की तिच्यापुढील दोरीचा छोटा दिवा लागे आणि ती प्लग काढून घेई. आल्मन स्ट्राउजर याला १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीचे एकस्व मिळाले, पुढील वर्षी अमेरिकेतील ला पोर्ट येथे तसे केंद्र सुरू झाले आणि हळूहळू ऑपरेटर गेली. तरी अडचण भासली नाही, कारण तारेच्या दुसऱ्या टोकाशी माणूस होता. तो दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणे आणि कंटाळून रिसीव्हर ठेवी. त्या टोकाशी निरोप नोंदविणारे यंत्र आले तेव्हा मात्र कंटाळणारे कोणी उरले नाही. (केंद्राने द्यावयाच्या या वार्तेला इंग्रजीत ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. ‘देखरेख’ या प्रतिशब्दाने शाळातपासनिसाची आठवण होते. म्हणून येथे ‘विच्छेद-सूचना’ असे म्हटले आहे.)

केंद्र ही सूचना तीन रीतींनी देऊ शकते. काही शेकडो मिलिसेकंद ते प्रवाह तोडते. किंवा तारांची ध्रुवता उलटी करते. किंवा यांपैकी काही न करता केवळ तुटक नाद ऐकविते. आपल्या लाइनवर कोणती रीत आहे हे ठाऊक नसताना ई.पी.ए.बी.एक्स.ची बटणे दाबीत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे रिकामे निरोप पुसण्यापूर्वी ते लक्ष देऊन ऐकणे. दोषाचा पत्ता त्यांतच असतो. आरंभापासून अखंड डायल टोन असेल, तर फोन करणाऱ्याने घंटी वाजत असतानाच नाद सोडला होता व यंत्राने मागाहून फोन उचलला. भारतात घंटी दोनदा वाजून सुमारे २ सेकंद थांबते. ही विश्रांती की शेवट, हे यंत्राला तेवढा काळ उलटल्याखेरीज कळत नाही. काही यंत्रांत ही प्रतीक्षा ८ सेकंदांची असते. आपल्याकडे ती ३-४ सेकंदांवर आणण्यास हरकत नाही.

क्षणभर शांतता व मग एंगेज टोन ऐकू येत असेल, तर केंद्राने सूचना दिली होती. यंत्राला ती भाषा समजली नाही. अमेरिकेतील एंगेज टोन ४८० व ६२० आवर्तनांच्या मिश्रणाचा असून अर्धा सेकंद वाजतो व अर्धा सेकंद थांबतो. भारतातील नाद ४०० आवर्तनांचा असून पाऊण सेकंद वाजतो व तेवढाच थांबतो. परदेशी मांडणी तशीच ठेवलेले यंत्र हा नाद माणसाचे बोलणेच समजते आणि मुदत संपेपर्यंत नोंदीत राहते. दोन मिनिटांच्या निरोपांचे रहस्य हे आहे. देशाची मांडणी बदलताच पुष्कळदा निम्मे काम होते.

सर्व रिकामे निरोप निव्वळ शांततेचे व एकाच लांबीचे असतील, तर ती लांबी म्हणजे यंत्रातील शांततेची मर्यादा होय. येथे केंद्र नाद देत नाही. प्रवाह किंवा ध्रुवता पाहिली पाहिजे. लाइनला मीटर लावावा, मोबाइलवरून फोन करावा, यंत्राने तो उचलल्यावर मोबाइल बंद करावा व काटा पाहावा. काटा म्हणण्याचे कारण असे की, अंकी मीटर पाव सेकंदाचा खंड बहुधा गाळून टाकतो. जुन्या मीटरच्या काट्याला मात्र झटका बसतो. काटा क्षणभर शून्यावर आला, तर प्रवाह तुटला. उलट दिशेस गेला, तर ध्रुवता उलटली. त्याप्रमाणे ई.पी.ए.बी.एक्स.मध्ये योग्य तो पर्याय चालू करावा. काटा जागचा हलला नाही, तर लाइन पुरविणाऱ्या कार्यालयाकडे विच्छेद-सूचनेची मागणी करावी लागेल. या चाचणीत फोन करणाऱ्यानेच आधी बंद केले पाहिजे. उलट बाजूने केलेली चाचणी फसविते, कारण फोन घेणाऱ्याने रिसीव्हर ठेवला तरी काही केंद्रे थोडा वेळ जोडणी राखून ठेवतात.

आणि एखाद्या निरोपात श्वास, पंख्याची घरघर, दूरचे बोलणे ऐकू आले, तर दुरुस्तीचा प्रश्नच नाही. तो माणूस बोलला नाही, एवढेच.

येथे उतावळेपणाचा धोका सांगितला पाहिजे. नाद किती वेळा ऐकल्यावर फोन बंद करावयाचा, ही संख्या यंत्रात ठरविता येते. ४ ठेवल्यास आपल्या नादाला सुमारे ६ सेकंद लागतात. हा विलंब खटकतो म्हणून कोणी ती २ वर आणतो, आणि मग संथ लयीत, थांबत थांबत बोलणाऱ्या माणसाचेच बोलणे मध्ये तुटते. रक्तगट सांगता सांगता फोन तुटण्यापेक्षा सहा सेकंदांची गुणगुण परवडली.

अमुक सेकंदांहून लहान निरोप टाकून द्यावा, ही सोय सर्वांत शेवटी वापरावी, तीही २ किंवा ३ सेकंदांपुरती. तिने पेटी स्वच्छ दिसते, पण अडकलेली लाइन सुटत नाही. आय.एस.डी.एन.च्या अंकी जोडणीत विच्छेद हा स्वतंत्र संदेश म्हणूनच येतो व त्यासोबत कारणाचा क्रमांकही असतो. नेहमीच्या समाप्तीचा क्रमांक १६ आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनींवरही असा संदेश असतो, परंतु तो वाटेत हरवू शकतो. तेथे आवाजाची पाकिटे येणे थांबल्यास ठरावीक काळाने जोडणी सोडण्याची व्यवस्था चालू आहे ना, हे पाहावे.